हवेतले नत्र, मातीतली साखर

केळीच्या एका झाडाला २०० ग्रॅम नत्र द्यावे, अशी महात्मा फुले कृषी विद्यापीठाची शिफारस आहे. दीड बाय दीड मीटरवर लागवड केली तर हेक्टरी ४,४४४ झाडे बसतात. म्हणजे हेक्टरी ८८९ किलो नत्र. आजच्या ४५ किलोच्या युरियाच्या गोण्यांत मोजले तर जवळपास ४३ गोण्या. रावेर, सावदा, फैजपूर, तांदलवाडी या पट्ट्यात हे खत ठिबकमधून हप्त्याहप्त्याने झाडाच्या बुडाशी जाते. त्याच हेक्टरभर बागेच्या डोक्यावर जी हवा आहे, तिच्यात सुमारे ७५ हजार टन नत्र आहे. केळीला त्यातला कणभरही घेता येत नाही.

कृषी सेवा केंद्राच्या फळीवर मात्र अशा बाटल्या आणि पुडे असतात, ज्यांच्यातला जीव हे काम करू शकतो. रायझोबियम, ॲझोटोबॅक्टर, ॲझोस्पिरिलम. लेबलवर एकच वाक्य थोड्याफार फरकाने छापलेले असते: हवेतील नत्र स्थिर करून पिकाला उपलब्ध करून देतो. वाक्य खोटे नाही. पण किती नत्र आणतो आणि त्याचा खर्च कोण भरतो, हे त्या वाक्यात येत नाही. सगळा फरक तिथेच आहे. हरभऱ्याच्या मुळावरचा जिवाणू आणि केळीच्या बुडाशी ओतलेला जिवाणू एकाच फळीवर शेजारी बसले असले, तरी त्यांचे हिशेब फार वेगळे आहेत.

आधी मुळात अडचण काय आहे ते पाहू. हवेतल्या नत्राचे अणू जोडीजोडीने असतात आणि प्रत्येक जोडी तीन बंधांनी एकमेकांना धरून असते. हा रसायनशास्त्रातल्या सर्वांत बळकट बंधांपैकी एक. तो तुटल्याशिवाय नत्राचा अमोनिया होत नाही, आणि अमोनिया झाल्याशिवाय वनस्पतीला त्याचा उपयोग नाही. अलिबागजवळ थळला राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सचा युरिया कारखाना आहे. तिथे नैसर्गिक वायूपासून हायड्रोजन काढतात आणि तो हवेतल्या नत्राबरोबर लोखंडाच्या उत्प्रेरकावरून नेतात. या प्रक्रियेला चारशे ते पाचशे अंश तापमान आणि हवेच्या दाबाच्या दीडशे-दोनशे पट किंवा त्याहूनही अधिक दाब लागतो. फ्रिट्झ हाबरने १९०९ मध्ये ही क्रिया प्रयोगशाळेत करून दाखवली आणि कार्ल बॉशने १९१३ मध्ये जर्मनीत ओपाउ इथे तिचा कारखाना उभा केला. जगातला बहुतेक सगळा युरिया अजून त्याच वाटेने येतो.

जिवाणू हेच काम साध्या मातीच्या तापमानाला करतो. त्याच्याजवळ नायट्रोजिनेज नावाचे विकर आहे. दोन प्रथिने मिळून ते काम करते. एकात लोखंड असते, दुसऱ्यात लोखंड आणि मॉलिब्डेनम. पहिले प्रथिन एकेक इलेक्ट्रॉन आणून दुसऱ्याला देते आणि दुसरे प्रथिन तेवढ्या वेळ नत्राचा रेणू धरून ठेवते. भट्टी नाही, दाब नाही, पण फुकट मात्र काहीच नाही. नत्राच्या एका रेणूसाठी किमान १६ एटीपी खर्ची पडतात. एटीपी म्हणजे पेशीतले ऊर्जेचे चलन, आणि ते मिळते साखर जाळून. काम हळू चालते, म्हणून जिवाणूला हे विकर भरपूर बनवावे लागते, आणि ते बनवायलाही पुन्हा ऊर्जा लागतेच. त्यामुळे मातीत तयार नायट्रेट किंवा अमोनिया असेल, तर कुठलाही शहाणा जिवाणू हा उद्योग करत नाही. तयार असेल ते खातो आणि नायट्रोजिनेज बनवणेच थांबवतो. हे लक्षात राहू द्या. केळीच्या बागेशी त्याचा थेट संबंध आहे.

आणखी एक पेच आहे. साखर पुरती जाळायला प्राणवायू लागतो, पण नायट्रोजिनेजला प्राणवायू लागला की ते कायमचे निकामी होते. ज्याच्याशिवाय ऊर्जा नाही, तोच कामाचा शत्रू. या पेचातून कोणी कशी वाट काढली, ते पाहिले की मातीतले नत्र-जिवाणू आपोआप वेगवेगळे ओळखू येतात.

सर्वांत देखणी वाट पाहायची असेल तर हरभऱ्याच्या वावरात जावे. पेरणीला महिना-सव्वा महिना झालेला असावा आणि जमीन वाफशावर असावी. रोप उपटू नये. उपटले की गाठी मातीतच तुटून राहतात, आणि आमच्याकडे गाठी येतच नाहीत असा समज करून माणूस घरी येतो. कुदळीने बाजूने खणून ढेकळासकट रोप उचलावे, बादलीत बुडवून माती आपोआप सुटू द्यावी. मग मुख्य मुळाच्या वरच्या भागावर, जमिनीखाली चार-सहा बोटांच्या आत, लांबट, कधी फाटे फुटलेल्या गाठी दिसतात. नखाने ढकलली तर गाठ मुळावरून अलगद सुटते. ही खूण महत्त्वाची आहे, कारण आपल्याकडे सूत्रकृमीच्याही गाठी असतात. त्या सुटत नाहीत. तिथे मूळच सुजलेले असते.

एक गाठ ब्लेडने मधोमध कापा. आत गुलाबी ते लाल रंग दिसला तर काम चालू आहे. पांढरी असेल तर एकतर कोवळी आहे किंवा आत शिरलेला जिवाणू निकामी आहे. हिरवट-तपकिरी झाली असेल तर तिचे दिवस संपले. तो लाल रंग आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या सख्ख्या नात्यातल्या प्रथिनाचा आहे. १९३९ मध्ये कुबो या जपानी शास्त्रज्ञाने ते ओळखले. त्याला लेगहिमोग्लोबिन म्हणतात आणि ते बनवते वनस्पती. गाठीची बाहेरची साल प्राणवायूला सहज आत येऊ देत नाही. जो येतो तो हे लाल प्रथिन पकडते आणि मोजून जिवाणूपर्यंत पोचवते. जिवाणूला साखर जाळण्यापुरता प्राणवायू मिळतो, मोकळा प्राणवायू मात्र नायट्रोजिनेजपर्यंत पोचत नाही. वर सांगितलेला पेच इथे वनस्पतीने सोडवला आहे, तेही स्वतःच्या खर्चाने.

ही गाठ होते कशी? उगवलेल्या रोपाचे मूळ मातीत काही विशिष्ट रसायने सोडते. फ्लॅव्होनॉइड हा त्यांचा वर्ग. ओळखीचा जिवाणू जवळ असेल तर तो त्या रसायनाला उत्तर म्हणून स्वतःचा एक रेणू सोडतो. तो पोचला की मुळावरचा केस टोकाशी वाकतो, आकडीसारखा वळतो आणि जिवाणूला वळणात धरतो. तिथून आत एक बारीक नळी तयार होते आणि जिवाणू तिच्यातून विभागत विभागत मुळाच्या गाभ्याकडे सरकतात. ते पोचण्याच्या आधीच मुळाच्या आतल्या पेशी वाढायला लागलेल्या असतात, म्हणजे जागा आधी तयार होते आणि पाहुणे नंतर येतात. पेशीत पोचल्यावर जिवाणूंभोवती वनस्पतीचेच एक पातळ आवरण येते आणि ते विभागणे थांबवून नत्राच्या कामाला लागतात. मेथी आणि मटारात वनस्पती त्यांच्यावर काही छोटी प्रथिने सोडते. त्यामुळे ते फुगून मोठे होतात आणि पुन्हा कधीच विभागू शकत नाहीत. मूग-उडदात तसे नसते. गाठ कुजल्यावर तिथले जिवाणू परत मातीत जाऊन पुढच्या पिकाची वाट पाहू शकतात.

भुईमूग याहून वेगळा निघतो. जळगावच्या तेलबिया संशोधन केंद्राची जेएल-२४ म्हणजे ‘फुले प्रगती’ ही जात एके काळी देशभर गाजली. नावातला जेएल हा जळगावचाच. भुईमुगात जिवाणू केसातून शिरत नाही. मुख्य मुळातून बाजूचे मूळ फुटताना जी फट पडते, तिच्यातून तो आत जातो. म्हणून भुईमुगाच्या गोल गाठी बहुधा मुळांच्या फाट्यांवर, बगलेत बसलेल्या दिसतात.

मुळाची ही ओळख फार नेमकी असते. हरभऱ्याला हरभऱ्याचाच जिवाणू लागतो. तुरीचा चालत नाही. मूग, उडीद, चवळी, तूर, भुईमूग, ताग यांचे मात्र बऱ्यापैकी जमते, त्यांच्या जिवाणूंचा एक मोठा गोतावळा आपल्या मातीत पिढ्यान्‌पिढ्या आहे. मेथी आणि लसूणघास यांचा जिवाणू आणखी निराळा. सोयाबीन परदेशातून आलेले पीक, त्यामुळे ज्या वावरात ते कधीच झाले नाही तिथे त्याचा जिवाणू असण्याची शक्यता कमी. म्हणून सोयाबीनच्या पहिल्या पेरणीला पुड्याचा जो फरक दिसतो, तो उडदाला क्वचितच दिसतो. उडीद-मुगाचे खानदेशातले वावर आधीच भरलेले असते. पुडा घेताना त्यावर पिकाचे नाव आहे का, हे पाहणे म्हणूनच बाटलीच्या किमतीपेक्षा महत्त्वाचे.

हे सगळे माणसाला कळून फार काळ झालेला नाही. द्विदल पिकाने जमीन सुधारते हे शेतकऱ्याला पूर्वापार ठाऊक होते. का सुधारते ते १८८६ मध्ये जर्मनीत हेलरीगेल यांनी मांडले. वाळूत वाढवलेल्या वाटाण्याला थोडे मातीचे पाणी दिले तर गाठी येत आणि झाड नत्राशिवाय फोफावे. तेच पाणी उकळून दिले तर झाड उपाशी राही. १८८८ मध्ये बायरिंक यांनी गाठीतून जिवाणू वेगळा काढला. आपल्याकडे पुसा इथल्या संस्थेत एन. व्ही. जोशी यांनी १९२० मध्ये द्विदलांच्या मुळावरच्या जिवाणूंचा अभ्यास प्रसिद्ध केला.

आता खर्च. जिवाणूला एक ग्रॅम नत्र पकडण्यासाठी आणि गाठीचा संसार चालवण्यासाठी वनस्पती साधारण १५ ग्रॅम साखर मोजते, कधी त्याहून अधिकही. पानांनी उन्हात बनवलेली ही साखर थेट गाठीत उतरते. बदल्यात अमोनिया तिथल्या तिथे अमिनो आम्लांत किंवा, मूग-सोयाबीनमध्ये, युरिड्स नावाच्या संयुगांत बदलून देठाकडे निघतो. दोघांच्यामध्ये माती नाही, तिसरा कोणी नाही, गळती नाही. शिवाय वनस्पती हिशेबाला पक्की आहे. २००३ मध्ये टोबी कीयर्स आणि सहकाऱ्यांनी सोयाबीनवर एक सुंदर प्रयोग केला. काही गाठींना नत्राऐवजी दुसरा वायू दिला, म्हणजे आतले जिवाणू काम करूच शकेनात. सोयाबीनने त्या गाठींचा प्राणवायू आवळला आणि आतल्या जिवाणूंची संख्या खाली आली. खाऊन काम न करणाऱ्याला इथे फार काळ पोसत नाहीत.

ॲझोटोबॅक्टरला असा कोणी यजमान नाही. तो मातीत मोकळा राहतो. १९०१ मध्ये त्याच बायरिंक यांनी तो शोधला. त्याची प्राणवायूशी लढण्याची तऱ्हा पाहण्यासारखी आहे: तो इतक्या वेगाने श्वसन करतो की पेशीच्या आत प्राणवायू टिकतच नाही. ज्ञात जिवाणूंत इतका वेगवान श्वास क्वचितच कोणाचा असेल. भोवती बुळबुळीत आवरणही असते. पण या वेगवान श्वासात साखर जळते ती केवळ प्राणवायू उडवून लावण्यासाठी, नत्रासाठी नव्हे. म्हणून प्रयोगशाळेत, सगळे मनासारखे असताना, एक ग्रॅम साखरेमागे त्याच्याकडून साधारण १० मिलिग्रॅम नत्र मिळते. उलट बाजूने सांगायचे तर एक किलो नत्राला शंभर किलो साखर.

केळीचे ८८९ किलो नत्र या दराने काढायचे म्हटले, तर हेक्टरी ८९ टन साखर वावरात टाकावी लागेल.

हा आकडा एकदा समोर आला की बाटलीवरच्या मोठ्या दाव्यांकडे बघण्याची दृष्टी बदलते. मातीत साखर नसतेच असे नाही. मुळे रोज थोडी पाझरतात, पाला-खोड कुजताना थोडी सुटते. पण एका ग्रॅम मातीत कोट्यवधी इतर जिवाणू तिच्यावर टपलेले असतात, आणि ॲझोटोबॅक्टरची संख्या भारतीय जमिनींत ग्रॅमला दहा हजारांच्या वर क्वचित जाते. त्याच्या वाट्याला येणार किती? मोकळ्या जिवाणूंकडून शेतात वर्षाला हेक्टरी काही किलो, फार तर वीसेक किलो नत्र मिळते असे धरून चालावे. वीस किलो म्हणजे युरियाची एक गोणी. शिवाय हे नत्र त्याने आपल्या पेशीसाठी पकडलेले असते. तो मेल्यावर, कुजल्यावर ते मातीत मोकळे होते.

रावेरची जमीन मात्र त्याला मानवणारी आहे. आम्ल जमिनीत, सामू सहाच्या खाली गेला की ॲझोटोबॅक्टर तग धरत नाही. तापीकाठची काळी, चुनखडीयुक्त, अल्कधर्मी माती त्याच्या सोयीची. तो आपल्या वावरात आहे की नाही हे घरी पाहता येते, आणि शाळेतल्या पोरांना तर हा प्रयोग जरूर करू द्यावा. ओलसर माती घ्यायची, तिच्यात थोडा स्टार्च मळायचा, वाटीत थापून वरून गुळगुळीत करायची आणि झाकून उबदार जागी ठेवायची. नत्र नाही आणि खाणे भरपूर, अशा जागी त्याचेच फावते. दोन-चार दिवसांत पृष्ठभागावर चकचकीत, फुगीर, चिकट थेंब उमटतात आणि पुढे तपकिरी पडतात. विनोग्राडस्की या रशियन शास्त्रज्ञाची ही जुनी युक्ती. महागडे काहीच लागत नाही.

विनोग्राडस्की यांनीच १८९० च्या दशकात दुसरा मोकळा जिवाणू शोधला होता, क्लॉस्ट्रिडियम. त्याने प्राणवायूचा पेच सोडवण्याऐवजी टाळला. जिथे प्राणवायू नाही तिथेच तो राहतो. पाटपाण्याने तुडुंब झालेल्या काळ्या ढेकळाच्या पोटात त्याचे चालते आणि त्याच ढेकळाच्या हवेशीर सालीवर ॲझोटोबॅक्टरचे. साखर अर्धवटच जाळता येत असल्याने क्लॉस्ट्रिडियमच्या हाती नत्रही थोडेच लागते.

या दोघांच्या आणि हरभऱ्याच्या गाठीच्या मधे कुठेतरी ॲझोस्पिरिलम बसतो. तो मुळाला चिकटून किंवा सालीच्या आत शिरून राहतो, गाठ करत नाही. मूळ जे पाझरते त्यातला पहिला घास त्याला मिळतो, म्हणून ॲझोटोबॅक्टरपेक्षा त्याची स्थिती बरी. ब्राझीलमध्ये योहाना डोबेराइनर यांनी १९७० च्या दशकात गवतवर्गीय पिकांच्या मुळांवर त्याचा पाठपुरावा केला आणि तो जगभर पोचला. पुढे १९८८ मध्ये त्यांच्याच गटाने उसाच्या आत राहणारा एक नत्र-जिवाणू जाहीर केला. केळीच्या मुळा-खोडांतूनही ब्राझीलमध्ये असे जिवाणू वेगळे काढले गेले आहेत.

केळी लावताना झाडामागे २५ ग्रॅम ॲझोस्पिरिलम आणि २५ ग्रॅम स्फुरद विरघळवणारे जिवाणू द्यावेत, अशी शिफारस आपल्याकडे आहे. मग वरच्या हिशेबानंतर ती करावी का? माझे मत आहे की करावी, पण कारण ओळखून करावी. ॲझोस्पिरिलम मुळांच्या वाढीची संजीवके बनवतो. त्यामुळे बाजूची मुळे आणि केस जास्त फुटतात, शेतकरी ज्याला पांढरी मुळी म्हणतात ती वाढते, आणि दिलेले खत व पाणी जास्त उचलले जाते. टिश्यूकल्चरचे कोवळे रोप पिशवीतून जमिनीत येते तेव्हा या मुळीची किंमत मोठी असते. फायदा बहुतांशी तिथून येतो. हवेतल्या नत्राचा त्यातला वाटा लहान आहे. बाटली घेतली म्हणून अर्ध्या गोण्या कमी करणाऱ्याची बाग पिवळी पडेल. आणि दर हप्त्याला ठिबकमधून युरिया जात असताना त्याच ठिबकमधून नत्र-जिवाणू सोडणे हे तर त्याला कामावर बोलावून काम हिरावून घेणे आहे. समोर तयार नत्र असताना तो नायट्रोजिनेज बनवणारच नाही.

हेच हरभऱ्यालाही लागू पडते. केळी काढून त्या वावरात हरभरा घेतला, तर मागे राहिलेले नायट्रेट त्याला आयते मिळते. झाड हिरवेगार दिसते, वाढते, कधी माजतेही, पण मुळावर गाठी तुरळक. तयार नत्र असताना वनस्पती साखरेचा खर्च का करील? हरभऱ्याला पेरणीबरोबर हेक्टरी २५ किलो नत्राची जी शिफारस आहे, ती गाठी कामाला लागेपर्यंतच्या तीनेक आठवड्यांच्या शिदोरीपुरती. त्यावर पुन्हा युरिया फेकणे म्हणजे गाठी बंद पाडणे. केळीच्या बेवडावर तर ही शिदोरीसुद्धा माती तपासूनच ठरवावी.

बेवडाचा विषय निघालाच आहे तर एक समजूत तपासून पाहू. ‘हरभऱ्याने जमिनीत नत्र साठते.’ चांगला जमलेला हरभरा हेक्टरी ४० ते ८० किलो नत्र हवेतून घेतो. हेक्टरी २० क्विंटल उतारा आला, तर दाण्यात साधारण २० टक्के प्रथिने धरून सुमारे ६४ किलो नत्र बाजारात जाते. भुसा जनावरांकडे जातो. मग जमिनीत साठले काय? कित्येकदा जवळजवळ काहीच नाही. सोयाबीनचे तर विचारूच नका. दाण्यात ४० टक्क्यांच्या आसपास प्रथिने, म्हणजे २० क्विंटलमागे १२० किलोंहून अधिक नत्र वावराबाहेर. जेवढे हवेतून आले त्यापेक्षा जास्तही जाऊ शकते. तरी यांचा बेवड चांगला, हा अनुभव खोटा नाही. गहू किंवा ज्वारीने जे नत्र मातीतून ओढले असते, ते यांनी तुलनेने कमी ओढले. गळलेला पाला लवकर कुजणारा. मुळे आणि गाठी मागे राहिल्या. रोगांची साखळीही तुटली. हरभरा मुळासकट उपटण्याऐवजी विळ्याने कापला तर यातले थोडे अधिक मागे राहते.

खरोखर साठवायचे असेल तर दाणा न्यायचाच नाही. ताग किंवा धैंचा. ज्यांची केळीची कांदेबाग ऑक्टोबरात लागते, त्यांना पावसाळ्याचे महिने मोकळे मिळतात. जूनच्या पावसावर ताग पेरून ४५-५० दिवसांनी, फुलोरा लागताना गाडला, की हेक्टरी ६० ते ९० किलो नत्र जमिनीत मिसळते, आणि त्यातले पुष्कळसे हवेतून आलेले असते. उशीर केला तर वाख घट्ट होतो आणि कुजायला वेळ लागतो. तीन-चार गोण्यांचे हे नत्र ४३ गोण्यांसमोर लहान दिसते, पण त्याबरोबर जे सेंद्रिय कर्ब येते ते गोणीत मिळत नाही. पावसाळ्याच्या तोंडावरच केळी लावणाऱ्या मृगबागवाल्यांना ही सवड नाही. केळीत आंतरपीक म्हणून चवळी घ्यावी, असे कुणी सुचवले तर मात्र जपून. ज्याला आपल्याकडे हरण्या म्हणतात त्या सीएमव्ही रोगाचा विषाणू चवळीवरही राहतो आणि मावा तो केळीवर आणतो. नत्राच्या दोन-पाच किलोंसाठी बाग धोक्यात घालण्यात अर्थ नाही.

घड काढल्यावर उभी राहणारी खोडे हा मोकळ्या जिवाणूंच्या खाण्याचा इथला सर्वांत मोठा साठा. खोडात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी, पण उरलेल्यात कर्ब भरपूर आणि नत्र कमी. बारीक तुकडे करून मातीत मिसळले तर सुरुवातीला मातीतले तयार नत्र कुजवणारे जिवाणूच ओढून घेतात, आणि पीक काही आठवडे फिके पडू शकते. पण तयार नत्र संपले आणि कर्ब शिल्लक राहिले, की ॲझोटोबॅक्टरसारख्यांची पाळी येते. बाटली ओतायचीच असेल तर ती अशा जागी ओतावी. बांधावर फेकलेली, वाळवून पेटवलेली खोडे कोणाच्याच कामाची नाहीत.

भुईमुगाबद्दल एक गोष्ट सांगायची राहिली. चुनखडीच्या जमिनीत उन्हाळी भुईमूग पिवळा पडला की पहिला हात युरियाकडे जातो. पान नीट पाहावे. नत्र कमी असेल तर आधी खालची, जुनी पाने पिवळी होतात. शेंड्याची कोवळी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या, असे दिसले तर कमतरता लोहाची आहे. वर लेगहिमोग्लोबिन आणि नायट्रोजिनेज दोन्हींत लोखंड आले होते. लोह मिळाले नाही तर गाठीच पंगू होतात. तिथे फेरस सल्फेटची फवारणी उपयोगी पडते आणि युरिया नुकसान करतो. पाणी साचले तर गाठी गुदमरतात, हेही लक्षात असू द्यावे. जिवाणूला प्राणवायू मोजून लागतो, पण लागतोच.

शेवटी पुड्याविषयी. त्यात लिग्नाइटची भुकटी असते आणि तिच्यावर जिवंत जिवाणू. मे महिन्यात रावेरचा पारा पंचेचाळीसच्या आसपास असतो. दुकानाच्या पत्र्याखाली किंवा मोटारसायकलच्या डिकीत तापलेल्या पुड्यात बरेचसे जिवाणू मेलेले असतात, आणि बाहेरून ते ओळखता येत नाही. म्हणून तारीख पाहावी, दुकानदार माल कुठे ठेवतो ते पाहावे, आणि खरिपाचा पुडा उन्हाळ्यात आणून ठेवू नये. पाल येथील कृषी विज्ञान केंद्रात किंवा जळगावच्या संशोधन केंद्रात विचारले तर कोणत्या पिकाला कोणता पुडा हे कळते. दहा किलो बियाण्याला २५० ग्रॅमचा पुडा, चिकटण्यासाठी गुळाचे थंड केलेले पाणी. बुरशीनाशक लावायचे असेल तर ते आधी, वाळल्यावर जिवाणू सर्वांत शेवटी. बियाणे सावलीत पसरून सुकवावे, त्याच दिवशी पेरावे, आणि पेरणी यंत्राच्या पेटीत ते युरियाबरोबर मिसळू नये.